गोल टेबलाची परीक्षा

मित्रांनो, विद्यापीठाच्या कलाशाखेतलं मी एक जुनं गोल टेबल आहे. मला घडवताना सुतार म्हणाला होता, "याच्याभोवती जे बसतील त्यांच्यात पहिला कोणी नाही आणि शेवटचाही कोणी नाही." इतिहास, चित्रकला, संगीत, भाषा अशा विभागांची मुलं माझ्याभोवती जमायची, भांडायची, मिळून काम करायची. गुण सगळ्या गटाला सारखेच मिळत. माझं कौतुक व्हायचं. पण मला उचलायचं सोडून सगळे ओढत न्यायचे. त्यात माझा एक पाय खिळखिळा झाला आणि मनात भीती शिरली.

यंदा चौघांनी पुरात बुडालेल्या एका बाजाराची मातीची प्रतिकृती केली. इतिहासवाल्याने गल्ल्या शोधल्या, चित्रकाराने दुकानं घडवली, गायिकेने विक्रेत्यांच्या आरोळ्यांना चाली लावल्या. आरोळ्यांचे शब्द होते भाषेच्या मुलीचे. ती फारशी बोलत नसे, म्हणून तिचं नावच पडलं 'गुपचूप'.

"परीक्षेत ही तोंडच उघडणार नाही, हिच्यापायी आपलेही गुण जाणार," गायिका तिच्यादेखत म्हणाली. गुपचूपने माझ्या काठावरचे हात काढून घेतले.

परीक्षेच्या दिवशी ती जड प्रतिकृती माझ्यावर ठेवली आणि माझा पाय करकरला. माझी तर पाचावर धारण बसली. आता मी कोसळणार, मुलांची मेहनत मातीत जाणार! परीक्षक बाई दारात आल्या. तेवढ्यात गुपचूप झटकन खाली शिरली आणि तिने माझा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"चौथी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"टेबलाखाली," चित्रकार म्हणाला. "तिने पाय सोडला तर सगळं पडेल."

बाई गुडघे टेकून वाकल्या. "आरोळ्या तू लिहिल्यास ना? सोडू नकोस, तिथूनच सांग."

गुपचूपने पकड आणखी घट्ट केली. "पाणी चढलं तेव्हा विकणारे काय ओरडले, हे कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणून शेवटची आरोळी मी अर्धीच ठेवली."

मग गायिका माझ्याखाली शिरली. "सरक जरा, मीही धरते," ती म्हणाली आणि तिथूनच तिने ती अर्धी आरोळी गायली.

चौघांना सारखेच गुण मिळाले, आणि भरपूर मिळाले. सुताराने माझा पाय पक्का केला. तरी परीक्षा आली की माझ्या फळ्या अजून धडधडतात. मित्रांनो, तुमच्या गटात कोणी दिसेनासं झालं, तर त्याच्या नावाने बोटं मोडण्याआधी एकदा खाली वाकून बघा.