कडेपर्यंत लिहिलेला आवाज

मित्रांनो, तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलेही नसेल. संगणकाच्या अगदी वरच्या खणात बसणारा मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे. बटण दाबले की माझी जीभ बाहेर यायची. तिच्यावर कोरी, चकचकीत तबकडी ठेवली की मी ती आत ओढून घ्यायचो, गरगर फिरवायचो आणि लेसरच्या बारीक किरणाने तिच्यावर लिहायचो. गाणी, फोटो, चित्रफिती, जे द्याल ते. लिहिणे हे माझे काम आणि स्वस्थ न बसणे हा माझा स्वभाव.

हा स्वभाव मला कामानेच लावला. मी लिहिलेले एक अक्षरही डोळ्यांना दिसत नाही. तबकडी माझ्याकडून बाहेर पडते, कुणाच्या तरी पिशवीत बसते आणि निघून जाते. पुढे ती नीट वाजली की मधेच अडकली, हे मला कोण सांगणार? रोज डबा भरून द्यावा आणि तो कुणी खाल्ला की नाही हे कधीच कळू नये, तसे झाले हे. म्हणून एक तबकडी संपताच मला दुसरी हवी असायची. रिकामा बसलो की धाकधूक सुरू व्हायची.

कारखान्यात माझ्या तोंडावर एक ठळक आकडा छापला गेला होता, सोळा. म्हणजे सोळापट वेगाने लिहिणारा. हा आकडा मिरवत मी पहिल्यांदा जिथे गेलो ती जागा दुकान नव्हती. यंत्रांची परीक्षा घेणाऱ्या एका मासिकाची ती खोली होती. लांब टेबल, भिंतीवर घड्याळ, एका बाजूला कोऱ्या तबकड्यांच्या चळती. परीक्षा घेणाऱ्या बाई सडपातळ होत्या आणि चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरायच्या. कुठलेही काम त्या बारीक चाळून घेत, म्हणून कचेरीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होते.

पहिल्या फेरीत त्यांनी मला पूर्ण वेगाने पळवले. मी असा सुटलो की टेबलावरचा पेन्सिलींचा डबा थरथरू लागला. तबकडी मी बघता बघता भरून दिली. बाईंनी वेळ पाहिली आणि नुसती मान हलवली. मला वाटले, झाले, आलो पहिला. पण त्यांनी तीच तबकडी पुन्हा आत सरकवली आणि मी लिहिलेले मलाच वाचायला लावले. पडद्यावर एक रेघ उमटू लागली. वाचताना जिथे चूक सापडेल तिथे ती रेघ वर उसळायची. तबकडी आतून बाहेर लिहिली जाते. आतल्या भागात रेघ जमिनीला चिकटून चालली होती. बाहेरच्या कडेजवळ, जिथे माझा वेग सगळ्यांत जास्त होता, तिथे ती गवतासारखी वाढली.

बाईंनी दुसऱ्या कंपनीची तबकडी घातली, मग तिसऱ्या. मग वेग अर्ध्यावर, आठपटीवर आणला आणि तेच सगळे पुन्हा केले. आठपटीवर मला कोंडल्यासारखे झाले. सारखे वाटायचे, सोडा ना मला. पण त्या तबकडीवरची रेघ पार कडेपर्यंत सपाट निघाली.

तेवढ्यात संपादक आत आले. त्यांना नेहमी घाई असायची, खुर्चीवर बसायचेही नाहीत.

"झालं का? किती वेळ लागला तेवढं सांगा, पान अडलंय."

"वेळ सांगते. पण खाली दर्जाही लिहावा लागेल," बाई म्हणाल्या. "पूर्ण वेगात कडेला कच्चं लिहितोय हा. आठपटीवर मात्र याच्यासारखा दुसरा नाही."

"अहो, वाचकाला वेग कळतो. दर्जा कुणाला दिसतो?"

"आज नाही दिसत. तीन-चार वर्षांनी तबकडी अडकते, तेव्हा दिसतो."

"तोवर आपला अंक रद्दीत गेलेला असेल."

"अंक जाईल हो. तबकडी कपाटातच असेल ना."

संपादकांनी घड्याळाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं, दोन ओळी टाका." बाईंनी सहा टाकल्या. वेगाचे कौतुक आणि दर्जाचा टोला असे दोन्ही माझ्या नावावर छापून आले. कौतुक मला पटले. टोला मनात कुसळासारखा राहिला.

पुढे ते मासिक बंद झाले आणि खोली रिकामी करायची वेळ आली. चाळणीबाईंनी मला रुमालात गुंडाळून आपल्या धाकट्या भावाच्या दुकानात आणले. जुन्या व्हिडिओ टेपवरच्या चित्रफिती तबकडीवर उतरवून देण्याचे त्याचे दुकान होते. बाई त्याला छोट्या म्हणत. छोट्या तेव्हा टक्कल पडायला लागलेला, दोन मुलांचा बाप होता.

"हा घे," त्या म्हणाल्या. "गुणी आहे, पण उतावळा आहे. आठच्या वर पळवू नकोस. आणि लिहून झालं की शेवटपर्यंत तपासत जा."

"हो गं ताई."

सुरुवातीला त्याने खरोखरच तसे केले. माझ्या तबकड्या चांगल्या निघतात असे गिऱ्हाईक सांगू लागले आणि दुकानात रीघ लागली. शाळांची संमेलने, खेळांचे सामने, कुणाचे बारसे, कुणाचा निरोप समारंभ. मी सकाळी जो सुरू व्हायचो तो शटर खाली येईपर्यंत फिरत राहायचो. मला असे दिवस फार आवडत. पण गर्दी वाढली तसा छोट्या घायकुतीला आला. एक दिवस त्याने आकडा दहावर नेला, मग बारावर आणि शेवटी सोळावर. तपासणी म्हणजे तबकडीची सुरुवात लावून पाहायची, चित्र आले की डबीत घालायची. मी तर सुटलोच होतो. खोटे कशाला बोलू, मला तो वाराच हवाहवासा वाटत होता.

त्याच दिवसांत बसवाले काका आले. शहराच्या बसवर चालक होते, खांदे रुंद, आवाज हळू. त्यांच्यामागे काकू होत्या, गळ्याभोवती सुती रुमाल बांधलेल्या. बस स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचे, हे काकूंचे कित्येक वर्षांचे काम. त्यांच्या आवाजावर लोक घड्याळ लावत, असे काका म्हणाले. घशाच्या शस्त्रक्रियेत तो आवाज गेला. आता काकू बोलत तेव्हा फक्त श्वासातून शब्द निघत.

"एवढीच एक टेप आहे," काका म्हणाले. "हिचा आवाज आहे यात. बाकी कुठेच नाही."

टेपला आतून बुरशी धरली होती. छोट्याने ती कापसाने पुसून हळूहळू चालवली आणि संगणकात उतरवून घेतली. उलटी गुंडाळताना मात्र यंत्राने ती चावली आणि टेपचा चुरगळलेला गुंता हातात आला. "हरकत नाही, उतरली आहे," तो स्वतःशीच म्हणाला. बाहेर चार गिऱ्हाइके उभी होती. त्याने काकूंची तबकडी सोळापटीने लिहिली, सुरुवात वाजवून पाहिली आणि देऊन टाकली. संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून आतली मूळ प्रत पुसली.

काही दिवसांनी दुकानात नवा ड्राइव्ह आला. माझ्या तारा काढल्या गेल्या आणि मला तुटक्या रिमोटच्या आणि गाठी पडलेल्या वायरींच्या खोक्यात टाकले गेले. वर कुणीतरी जुने कॅलेंडर ठेवले. मित्रांनो, ज्याला फिरायचे वेड आहे त्याला अंधारात पडून राहायला लावणे ही फार मोठी शिक्षा आहे. मी लिहिलेल्या तबकड्या एकेक करून आठवायचो. कुठे असतील, वाजत असतील का, काकूंच्या तबकडीची कड टिकली असेल का. विचारायला कुणी नव्हते.

मग एका दुपारी खोक्याबाहेर काकांचा तोच हळू आवाज ऐकू आला.

"शेवटाकडे अडकते हो. चित्र थांबतं, चौकोन चौकोन येतात. लेकीला बाळ झालंय, तिकडे परगावी. ती म्हणते, आईचा आवाज पाठवा, बाळाला ऐकवते."

कॅलेंडरखालच्या फटीतून मला दिसले, छोट्याने तबकडी नव्या ड्राइव्हमध्ये घातली. नव्याने थोडे वाचले आणि तबकडी बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. छोट्याचा चेहरा उतरला. मूळ प्रत पुसली होती, टेप गेली होती. त्याने बहिणीला फोन लावला. चाळणीबाई रिक्षा करून आल्या आणि आल्या आल्या विचारू लागल्या.

"कशावर लिहिली होती?"

"तुझ्या त्या जुन्यावर."

"किती वेगाने?"

"सोळापट," छोट्या कसाबसा म्हणाला.  रागवायचे होते ते सगळे बाईंनी गिळले, कारण काकांबरोबर आलेल्या काकू समोर स्टुलावर बसल्या होत्या.

"कुठाय तो जुना?"

"खोक्यात. पण ताई, नवा वाचत नाही तिथे हा काय वाचणार?"

"गिचमिड अक्षर ज्याचं त्यालाच लागतं कधी कधी. काढ त्याला."

कॅलेंडर बाजूला झाले, उजेड आला. बाईंनी माझ्यातली धूळ फुंकून काढली, भिंगावरून मऊ कापड फिरवले, तारा जोडल्या. इतक्या दिवसांनी अंगात वीज खेळली आणि मला वाटले, आता सुटावे. पण बाईंनी मला सगळ्यांत कमी वेगावर बांधून ठेवले. एकेक तुकडा वाचायचा, नाही लागला तर सोडून पुढे जायचे, मग परत येऊन तोच तुकडा पुन्हा. आतला भाग मी सहज वाचला. बस स्थानक दिसले, काचेची खोली, माइकसमोर तरुण काकू. "लक्ष द्या," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा स्वच्छ की दुकानातले सगळे सरळ बसले.

कड जवळ आली आणि अक्षर फुटायला लागले. मी खरखरलो, थांबलो, मागे गेलो, पुन्हा वाचले. तापलो की बाई मला बंद करून निवू देत आणि पुन्हा चालू करत. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहत, परत येऊन बसत, पुन्हा उठत. छोट्याने दाराला "दुकान बंद" अशी पाटी लावली. पडद्यावर न लागलेल्या तुकड्यांचे लाल ठिपके होते. ते एकेक करून विझत होते. एवढ्या सावकाशीने मी आयुष्यात काम केले नव्हते आणि एवढी तळमळही कधी झाली नव्हती.

शेवटी थोडेच ठिपके उरले. ते काही केल्या जाईनात. बाईंनी चष्मा काढला.

"एवढंच आलं. मधला थोडा भाग गेला. लावून पाहूया."

शेवटचा प्रसंग घरातला होता. दुपारची वेळ, खाटेवर लहानगी लेक, तिला झोपायचे नाही. तरुण काकू हाताची मूठ तोंडासमोर धरून स्थानकावरच्या आवाजात सांगत होत्या, "लक्ष द्या. झोपेकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. सर्व प्रवाशांनी..."

तिथे आवाज तुटला. चित्र गोठले. 

आणि स्टुलावर बसलेल्या काकू, पडद्यावरून नजर न काढता, नुसत्या श्वासाने म्हणाल्या, "...डोळे मिटून घ्यावेत. ही गाडी संध्याकाळपर्यंत कुठेही थांबणार नाही."

पडद्यावर लहानगी खुदकन हसली. चित्र पुढे चालू झाले होते.

काकांनी रुमाल शोधायला खिशात हात घातला आणि तो हात तसाच खिशात राहिला. चाळणीबाई म्हणाल्या, "काकू, तेवढंच पुन्हा म्हणाल? माइक लावते."

"या आवाजात?" काकूंनी विचारले.

"याच."

काका म्हणाले, "म्हण गं. तुझंच तर आहे."

काकू म्हणाल्या. बाईंनी ती कुजबुज तुटलेल्या जागी बसवली, चांगल्या प्रतीची कोरी तबकडी माझ्या जिभेवर ठेवली आणि आकडा आठवर नेला. "शेवटपर्यंत तपासायची," छोट्या आपणहून म्हणाला. मी लिहिले. मग वाचले. रेघ कडेपर्यंत सपाट होती. मग आणखी एक प्रत केली, आणि आणखी एक, आणि या वेळी संगणकातले कुणी पुसले नाही.

तबकडी परगावी गेली तेव्हा माझी हुरहूर पुन्हा सुरू झाली. पण या खेपेला काका स्वतः सांगायला आले. दुकानाच्या पायरीवर उभे राहूनच बोलले.

"लेकीचा फोन होता. बाळ रोज ते ऐकून झोपतं म्हणाली. विचारत होती, मधेच कुजबुजतंय ते कोण? मी म्हटलं, आईच आहे. आधीची पण तीच, मधली पण तीच."

"मग काय म्हणाली?" छोट्याने विचारले.

"म्हणाली, तबकडी परत लावते."

मित्रांनो, आता तबकड्या कमी झाल्या आहेत. तुमच्या घरातल्यांचे आवाज दुसऱ्या कुठल्या यंत्रात असतील. पण यंत्र कोणतेही असो, आम्हाला घाईने पळवू नका, आणि ठेवलेले सगळे सुखरूप असेल असे धरून चालू नका. दुसरी प्रत करा. कपाटात एखादी जुनी तबकडी असेल तर आज काढा, पुसा, लावा आणि अगदी शेवटपर्यंत ऐका. सुरुवात तर सगळ्यांचीच बरी वाजते. आणि मधे कुठे आवाज तुटला, तर तो ज्याचा आहे ते माणूस जवळ आहे तोवर त्याला विचारून घ्या.