धरणगावची नक्कल

छगन कारकुनानं जन्ममृत्यूची जुनी वही रूपालीकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमचे वडील. झुलाल जीवराम, मार्च एकोणसाठ."

नोकरीच्या जात पडताळणीसाठी एवढंच हवं होतं. तरी तिनं सहज मागची पानं चाळली. सत्तावन्न सालच्या मृत्यूंमध्ये आजीचं नाव होतं. धुरपदाबाई, नवरा जीवराम दगडू.

दोन्ही पानं तिनं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली.

"दुसरी कोणी असेल," छगन म्हणाला.

"गावात जीवराम दगडू एकच होते. दोन्ही नोंदींची नक्कल द्या."

एसटीत बसल्यावर तिला घरात सांगितली जाणारी हकीकत आठवत राहिली. आजी बाळंतपणात गेली, तान्ह्या नानांना, म्हणजे रूपालीच्या वडिलांना, सांभाळायला तिची विधवा धाकटी बहीण भागाबाई आली आणि कायमची राहिली. नाना तिला मावशी म्हणत, म्हणून सगळं घरच मावशी म्हणे. मग नाना कुणाचे? दत्तक आणलेले? आणि तीन आठवडे ते "धरणगावला कशाला जातेस, शाळेचा दाखला पुरे," असं का म्हणत होते?

मेहरूण भागातल्या घरी मावशी ओट्यावर मेथी निवडत होती. वयाच्या चौऱ्याऐंशीतही तिची नजर पक्की होती.

"काय शे त्या कागदमा?"

"नानांच्या जन्माची नोंद."

मावशीचे हात थांबले. "बठ्ठं लिखेल शे?"

'सगळं' म्हणजे काय ते मनात घोळवत रूपाली मागच्या दारी गेली. नाना स्कूटर पुसत होते. तिनं कागद पुढे केले. चष्मा न लावताच त्यांनी ते घडी करून परत दिले.

"नोकरीला लागलो तेव्हाच पाहिलंय मी हे."

"मग मावशीच तुमची..."

"माझ्या जन्माआधी दीड-दोन वर्षं घरात होती. बहीण गेली त्याच महिन्यात आली."

"आजोबांनी तिच्याशी लग्नाचा पाट नाही लावला?"

"नाही." त्यांनी फडकं पिळलं. "वंशावळीत बायकांची नावं नसतातच. तुझं काम अडणार नाही."

"तिला कधी विचारलं नाहीत?"

"तिला वाटतं, मला माहीत नाही. वाटू दे."

आतून हाक आली. "झुलाल, चहा थंडा हुई राह्यना."

नानांनी हात पुसले. मग गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाले,

"आलो, मावशी."