चारला दहा कमी

माणूस आहे तोवर त्याच्या खोडींचा उद्धार करायचा आणि तो गेला की त्याच खोडी धुऊन-वाळवून गुण म्हणून डब्यात भरायच्या, यात ते घर कुणाला हार जाणारं नव्हतं. बाबा गेले आणि महिना उलटायच्या आत त्यांचा हेका हा बाणा झाला, चिडचिड ही तळमळ झाली, आणि त्यांच्या जुन्या गाडीचं वाकडं स्टिअरिंग हा तर चक्क वारसा ठरला.

गाडी बाबांहून थोडीच लहान. स्टिअरिंगला दोन आडव्या दांड्या. गाडी सरळ चालत असली की त्या घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारख्या आडव्या दिसाव्यात, अशी बनवणाऱ्याची इच्छा होती. बाबांच्या हाताखाली मात्र तिथे कायम चारला दहा कमी वाजलेले असत. फार पूर्वी एका पुलाच्या कठड्याशी गाडीची जवळून ओळख झाली होती, तेव्हापासून. "स्टिअरिंग बरोबर आहे, रस्तेच वाकडे बांधतात हल्ली," असं बाबा सांगत, आणि रस्ते बांधणाऱ्यांविषयी घरात कुणालाच फारसा आदर नसल्यामुळे ते खपून जाई. पुढे स्टिअरिंगचा फेरा चाकांपर्यंत पोचवणारी दात्यांची पेटी आतून झिजली, तिच्यातून तेल गळू लागलं, स्टिअरिंग वीतभर फिरवावं तेव्हा चाकांना खबर पोचू लागली. बाबांनी गाडीखाली एक पत्र्याचा ट्रे सरकवला आणि विषय संपवला.

लेक दातांची डॉक्टर होती. लोकांचे वाकडे दात सरळ करण्यात तिचा दिवस जायचा. गाडी चालवायला ती शिकली तीही बाबांच्याच गाडीवर, पण घरी बापाचं स्टिअरिंग सरळ करायची तिची टाप नव्हती. आता बाबा नव्हते, तर गाडीची पेटी बदलून ती चालती ठेवावी आणि आपणच चालवावी, एवढंच तिला हवं होतं. रडणं वगैरे तिने सगळ्यांबरोबर उरकलं होतं. तेवढ्याने भागत नाही, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबाचे अध्यक्ष भेटायला आले. चहा झाला, उसासे झाले. मग त्यांनी घसा खाकरला.

"आमच्या सभागृहात एक चौथरा रिकामा आहे," ते म्हणाले. "तिथे त्यांची गाडी कायमची उभी करावी, असं सर्वानुमते ठरलंय. आणि एक विनंती. पेटी नवी घाला, तेल गळून आमची फरशी खराब व्हायला नको. पण स्टिअरिंग मात्र तसंच ठेवा. तो तिरकेपणा म्हणजे त्यांची सही होती."

लेकीला आठवलं, की याच क्लबाने स्पर्धेत याच सहीचे गुण कापले होते, आणि बाबांनी याच अध्यक्षांना 'आधी तुमची मान सरळ करा' असं सांगून घरचा रस्ता धरला होता. तो वाकडाच होता, अर्थात.

धाकटा भाऊ मात्र गहिवरला. "बाबांचं यापेक्षा मोठं स्मारक काय असणार?" घरचं गॅरेज एकच होतं आणि धाकट्याची नवी गाडी गेली दोन वर्षं उन्हात उभी होती, हे त्या गहिवराचं आतलं अस्तर.

"मला गाडी चालवायची आहे," लेक म्हणाली.

"ताई, तुझ्याकडे एक गाडी आहे."

"आहे."

"मग?"

सगळे आईकडे बघू लागले, कारण गाडी आता आईची होती. आईने कप गोळा करता करता निवाडा दिला.

"पुढच्या बुधवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. त्या गाडीतून मला नेऊन आणलं तर गाडी घरात राहील. नाही जमलं तर चौथऱ्यावर जाऊ दे. उगाच दारात सडायला नको."

झालं. पेटी मिळाली, गाडी दुरुस्तीच्या गॅरेजात गेली. तिथल्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांचा हात चांगला, फक्त स्वभाव मऊ. शेवटी जो येऊन गेला त्याचं खरं, हे त्यांचं तत्त्व.

लेक पहिल्या संध्याकाळी गेली तेव्हा नवी पेटी बसली होती आणि स्टिअरिंगवर चारला दहा कमी वाजले होते.

"तुमचे भाऊ येऊन गेले," उस्ताद म्हणाले. "म्हणाले, हुबेहूब असंच होतं."

दुसऱ्या दिवशी गेली तर दांड्या भलत्याच बाजूला कललेल्या. तीनला वीस कमी.

"तुमच्या आत्या आल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या भावाचं स्टिअरिंग मला नका शिकवू."

तिसऱ्या दिवशी पाचला पाच कमी. हे बाबांच्याही हातून कधी झालं नव्हतं.

"अध्यक्ष साहेब. म्हणाले, वाकडं आहे ते मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जुंपली. धाकट्याने ताटली दोन्ही हातांत धरून बाबा स्टिअरिंग कसं धरत ते करून दाखवलं. आत्याने ती त्याच्या हातात होती तशीच उलट्या बाजूला फिरवली.

"तीस वर्षं फाटकात उभी राहून मी त्याला निरोप दिलाय," आत्या म्हणाली. "तू तेव्हा मागच्या सीटवर झोपलेला असायचास."

"झोपलेला असलो तरी मी त्यांच्या मागे होतो, आत्या."

"आणि मी त्याच्या पुढे होते."

"आत्या, तेच होतंय," लेक म्हणाली. "तू समोरून बघायचीस. काचेतून. समोरून बघितलं की सगळं उलटं दिसतं. तुम्ही दोघं एकच सांगताय."

आत्याने ताटली खाली ठेवली. "म्हणजे तीस वर्षं मी माझ्या भावाला उलटा बघितला?"

"उलटा नाही गं, समोरून."

"हल्लीच्या पोरींना वडीलधाऱ्यांना खोटं पाडायला कारण लागत नाही," आत्या आईला म्हणाली. धाकटाही नाराज झाला. भांडण संपवणाऱ्याइतका नकोसा माणूस घरात दुसरा नसतो. आई वाढायला उठली. बाबांच्या शेजारच्या सीटवर सगळ्यात जास्त वर्षं तीच बसली होती, आणि तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

सोमवारी लेकीने दवाखाना बंद ठेवला आणि गॅरेज गाठलं. गाडीत बसून तिने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. ते फिरतच गेलं. परत मध्यावर आणून उजवीकडे फिरवलं तर पुरता एक फेरा व्हायच्या आत खट्‌कन अडलं.

"उस्ताद, ही उजवीकडे वळणार कशी?"

"नाहीच वळायची."

"अहो, नाहीच वळायची म्हणजे?"

"तुमच्या घरच्यांना स्टिअरिंग कुठे दिसायला हवं तेवढंच मी बघितलं. पेटीच्या आतला मध्य कुठेय, चाकं कुठे बघतायत, हे बघितलंच नाही. तुमचे भाऊ म्हणाले, गाडी चौथऱ्यावर चढणार. उभ्या गाडीला मध्य लागतो कशाला, डॉक्टर?"

त्या वाक्यात निम्म्या शहराचे पुतळे बसले असते.

"चालवायची आहे," ती म्हणाली. "परवा. आई बसणार आहे."

"चालवायची होय." उस्तादांनी हातातला कप खाली ठेवला. "मग सगळं परत काढायला लागेल. आधी सांगायचं नाही का?"

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"हो, पण तुम्ही पहिल्या होतात," उस्ताद म्हणाले, आणि कामाला लागले.

पेटीपासून चाकांकडे जाणारा दांडा त्यांनी सोडवला, म्हणजे पेटी एकटी मोकळी फिरेल. लेकीने स्टिअरिंग एका टोकापर्यंत नेलं, दांडीला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत नेलं. मग त्याच्या बरोबर निम्म्यावर परत आणलं. मध्याजवळ येताच स्टिअरिंग किंचित जड झालं, जबडा नीट मिटल्यावर दातावर दात बसतो तसं.

"लागलं?" उस्तादांनी खालून विचारलं.

"लागलं."

"आता हात लावू नका. कुणी आलं तरी."

पुढची चाकं त्यांनी दोरी लावून सरळ केली आणि दांडा जोडला. मग स्टिअरिंग उपसून काढलं. आतल्या खुंट्याला बारीक दाते होते, एक दाता इकडचा तिकडे झाला तरी दांड्या कलल्या असत्या. लेकीने ते दाते ब्रशने साफ केले, हे तिच्या हातचं काम होतं, आणि स्टिअरिंग बसवलं. पावणेतीन.

एवढ्यात दारात अध्यक्ष उभे. त्यांनी खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तर सरळ झालं."

"हो."

"पण मग यात त्यांचं काय राहिलं?"

लेकीच्या हातात पाना होता. तो तिने उस्तादांकडे दिला. "त्यांना दुरुस्ती करायची नव्हती, एवढंच त्यांचं होतं यात," ती म्हणाली. "आळस होता तो. आम्हा सगळ्यांना माहीत होतं."

गेलेल्या माणसाविषयी त्या महिन्यात कुणी बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य. ते ऐकून अध्यक्षांनी टोपी काढली, आणि काही वेळ ती पुन्हा घालायची की नाही हे त्यांना कळेना.

बुधवारी सकाळी गाडी दारात आली. धाकटा टॅक्सीचा नंबर फोनवर तयार ठेवून पायरीवर उभा होता. आत्या फाटकात. आई पुढे शेजारच्या सीटवर बसली. लेक आत बसली तर पाय पॅडलपर्यंत पोचेनात. सीट बाबांच्या मापाची होती, आणि गॅरेजातून आणताना उस्तादांनीच गाडी चालवल्यामुळे पुढे ओढायची तशीच राहिली होती. मग खाली हात घालून तिने खटका दाबला आणि सीट पुढे ओढली. खड्‌कन आवाज झाला, आणि झालं.

गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी उजवीकडे सरकू लागली. तिने सावरलं. गाडी पुन्हा उजवीकडे. समोरून येणाऱ्या ट्रकने लांबलचक भोंगा दिला. मध्य चुकला असणार, किंवा दाता, किंवा चाकं. आता गाडी चौथऱ्यावर. तिने गाडी कडेला घेतली, काचेतून आकाशाकडे बघत बसली.

"काय झालं?" आई म्हणाली.

"ओढतेय एका बाजूला. जमलं नाही, आई."

"गाडी नाही ओढत. तू ओढतेयस."

"काय?"

"हात बघ तुझे."

तिने हात बघितले. एक वर, एक खाली. दांड्यांवर चारला दहा कमी, आणि ते धरून ठेवले होते तिनेच. दाढ भरून दिली तरी पेशंट महिनोन्‌महिने दुसऱ्याच बाजूने चावत राहतो, हे ती रोज लोकांना सांगत असे, जरा वैतागूनच. तिने कडेकडेनेच गाडी जराशी पुढे घेतली आणि हात सोडले. स्टिअरिंग आपलं आपण पावणेतीनला येऊन थांबलं.

तिने गाडी थांबवली, आणि तेव्हा तिला रडू आलं. फार नाही. आईने पर्समधून रुमाल काढला, पण दिला नाही. आधी उलगडून त्याने समोरची काच पुसली आणि मग दिला.

"तुला माहीत होतं," लेक म्हणाली. "ते कुठल्या बाजूला धरायचे ते. बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? आणि मला घाई नव्हती. मला वाटलं, बघू तरी, सरळ गाडीत बसायला कसं वाटतं."

"कसं वाटतंय?"

आईने विचार केला. "बसायला बरं आहे. चालवणाऱ्याची सवय मोडायला हवी." मग घड्याळ बघितलं. "चल, डॉक्टर निघून जाईल. आणि परत जाताना भाजी घ्यायची आहे, तेव्हा फार रडत बसू नकोस."

लेकीने गाडी रस्त्यावर घेतली. हात पुन्हा पुन्हा जुन्या जागी जात होते. ते दर वेळी उचलून आणावे लागत होते, आणि असं किती दिवस करावं लागेल याचा तिला अंदाज नव्हता.