नवी इरावती

“ही काही इरावती न्हाई,” मंगल म्हणाली आणि थापायला घेतलेली भाकरी तशीच परातीत राहू दिली.

टीव्हीवर ‘दूरयान’ लागलं होतं. गेल्या रविवारी यानाला आग लागली होती, यान चालवणारी इरावती भाजली होती आणि तिला काचेच्या पेटीत निजवलं होतं. आज पेटी उघडली तर आतून भलतीच बाई उठून बसली. अंगात तोच निळा गणवेश, खांद्यावर तीच चांदणी, तोंड मात्र दुसरीचं. उपचारात चेहरा बदलला म्हणे! कप्तान पुढं झाला, तिचा हात धरला आणि म्हणाला, “इरावती, फार वाट पाहिली तुझी.” यानावरच्या एकालाही काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं जिच्याबरोबर चांदण्यांतून फिरलात तिचं तोंड बदललं, आवाज बदलला, आणि तुम्ही खुशाल हात धरता? मंगलला त्या मेल्या कप्तानाचा असा संताप आला की पाठीतली कळसुद्धा ती घटकाभर विसरली.

तिची लेक ऋतुजा तर फोन घेऊन उठलीच. अकरावीतली पोर, पण या मालिकेपायी अभ्यास बाजूला ठेवणारी. रात्रीतून तिनं ‘जुनी इरावतीच पाहिजे’ नावाचा ग्रुप काढला. आष्टीपासून परळीपर्यंतची पोरं-पोरी त्यात आली आणि नव्या नटीचा उद्धार सुरू झाला. चौसाळ्यात स्टँडजवळ राधाकिशनचं कटिंगचं दुकान होतं. त्याच्या आरशावर जुन्या इरावतीचं मोठं चित्र चिकटवलेलं होतं. जीव गेला तरी हे चित्र काढणार नाही, असं त्यानं गिऱ्हाइकांसमोर जाहीर करून टाकलं. हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. ऋतुजा पाळण्यात होती तेव्हापासून ती मालिका चालू होती, अर्ध्या जिल्ह्यानं पाहिलेली.

आणि मंगलचं तर त्या इरावतीशी नातंच होतं. दर साली दसरा झाला की ती आणि तिचा नवरा आश्रुबा ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या माळावर उसाच्या वाळल्या पाचटाची कोपी घालून राहायचं, आणि रविवारी चुलीपुढं बसून दोघांनी एका फोनवर ‘दूरयान’ बघायचं. दिवसा मंगल मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून सरसर वर चढायची. तेव्हा आश्रुबा खालून म्हणायचा, “चालली बघा आमची इरावती आभाळात.” सगळी टोळी हसायची. मंगल वरून डोळे वटारायची, पण मनातून तिला लई बरं वाटायचं. जन्मात तिला कुणी लाडानं दिलेलं ते एकच नाव होतं.

त्याच फळीवरून गेल्या हंगामात तिचा पाय निसटला. मोळी एकीकडं, मंगल एकीकडं. बीडच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आता ओझं उचलायचं नाही, नाहीतर कायमचं अंथरूण धराल.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा बाप्या किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी सहसा घेत नाही. नवी इरावती उठून बसली त्याच आठवड्यात टोळीचा मुकादम बंकट दारात आला. चहा पिता पिता त्यानं आडून आडून विचारलं, आश्रुबाचं काय करायचं. त्याच्या टोळीत लिंबागणेशची सुरेखा होती. नवरा वारलेला, दोन हंगाम भावाबरोबर यायची, पण भाऊ आता पुण्याला कंपनीत लागला, म्हणून तीही अर्धीच राहिली होती. दोन अर्धे मिळून एक कोयता होतोय, बंकट म्हणाला. आश्रुबा मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसला. म्हणाला, हिला इचारा.

मंगलनंच होकार दिला. कोण कुठली परकी बाई येण्यापेक्षा ओळखीची बरी, असा तिनं विचार केला. सुरेखा खालमानेची होती, कामाला वाघीण होती, टोळीत तिचं नाव कुणी वाईट घेतलं नव्हतं. निघायच्या दिवशी मंगलनं तिला मोळीखाली डोक्यावर ठेवायची आपली चुंबळ दिली, आपला कोयता धार लावून दिला. आणि शेवटी खुंटीवरचा निळा शर्ट काढला. पाचट अंगाला कापतं म्हणून तोडणीच्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात. हा आश्रुबाचाच जुना, मंगलनं आपल्या मापाचा करून घेतलेला.

“राहू द्या अक्का, तुमचा हाय,” सुरेखा म्हणाली.

“घाल. तिकडं थंडी लई असती.”

तिनं तो तिथंच चढवला. ट्रक हलला तेव्हा सगळ्यांच्या मागं, भांड्यांच्या बोचक्यावर ती बसली होती, पाठमोरी. वळणावर मंगलला क्षणभर वाटलं, आपणच चाललोय. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण अंगणात आल्यावर ती स्वतःलाच रागे भरली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली.

घर खायला उठायचं. रविवारी मालिका संपली की आश्रुबाचा फोन यायचा, तेवढाच आधार. पहिल्या फोनला मंगलनं ऊस कसा आहे, पाणी कुठून आणता, सगळं विचारलं आणि मग हळूच म्हणाली, “नवी कशी वाटती तुमाला?”

“कोन?”

“इरावती, आनि कोन?”

“छ्या, जुनीच बरी,” आश्रुबा म्हणाला. मंगलच्या जिवात जीव आला. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

मग दर रविवारी ती तेच विचारू लागली. दुसरं काही विचारायची तिची छाती होत नव्हती. दिवाळीनंतर तो म्हणाला, बोलती बरी. पुढं म्हणाला, चालतंय. संक्रांतीच्या सुमाराला मालिकेचं नावच त्याच्या तोंडातून निघेना. घाईघाईनं म्हणाला, आता सवय झाली बघ, जुनीचं तोंडसुद्धा नीट आठवत न्हाई. मंगलनं फोन कानाशी आणखी दाबला. पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं. बांगड्यांचा आवाज येत होता.

ऋतुजाच्या ग्रुपातली शिवीगाळ केव्हा थांबली ते कुणाला कळलंही नाही. आता तिथं नव्या नटीचे फोटो पडत होते. “काम भारी करते गं आई,” ऋतुजा म्हणाली. मंगलनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पोरगी वरमली. “अगं मालिका हाय ती,” ती पुटपुटली. “इतकं काय मनाला लावून घ्यायचं?”

दुसऱ्या दिवशी पाठीची औषधं आणायला मंगल चौसाळ्याला गेली. राधाकिशनच्या दुकानावरून जाताना तिची नजर आत गेली. त्यानं शब्द पाळला होता, जुनं चित्र काढलं नव्हतं. त्याच्यावरच नवं चिकटवलं होतं. जुनीचा एक कान तेवढा कडेनं दिसत होता. मंगल औषधं न घेताच परत फिरली.

त्या रविवारी आश्रुबाचा फोन आलाच नाही. मंगलनंच लावला. तो उचलला गेला, पण माणूस बोलेना. चुकून बोट लागलं असणार, फोन कुठंतरी खिशात असणार. गाडी भरायचं काम चाललं होतं. मोळ्या आदळत होत्या, कुणीतरी खोकत होतं. मंगल हॅलो हॅलो करत राहिली. आणि मग आश्रुबाचा आवाज आला, लांबून, पण स्वच्छ, हसरा.

“चालली बघा आमची इरावती आभाळात.”

सगळी टोळी हसली. मंगलनं फोन बंद केला. ती रडली नाही. ऋतुजानं विचारलं, पप्पा काय म्हणाले, तर म्हणाली, कामात हायती.

पाडव्याच्या आधी कारखाना बंद झाला आणि ट्रक परत आला. बंकट पुढून उतरला तोच खुशीत. म्हणाला, “वहिनी, हा कोयता लई चालला बघा. पुढच्या सालाला हाच धरतो.” आश्रुबा बोचकी उतरवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मंगलनं सगळ्यांना पाणी दिलं, सुरेखालाही दिलं.

जाताना सुरेखानं पिशवीतून शर्ट काढला. धुतलेला, घडी घातलेला. “मला ढगळा व्हायचा अक्का, म्हनून जरा आत घेतलाय,” ती खाली बघत म्हणाली आणि परत ट्रकमध्ये चढली.

संध्याकाळी मंगलनं तो घालून पाहिला. दंडात अडकला. खांद्याच्या पुढं सरकेना.

रात्री ‘दूरयान’ लागलं. आश्रुबा आणि ऋतुजा टीव्हीपुढं बसले. नवी इरावती यान वळवत होती आणि आश्रुबा गालात हसत बघत होता. मंगल मागं भिंतीला पाठ टेकून बसली होती. मांडीवर शर्ट आणि हातात ब्लेडचं पान. टाका बारीक होता, सुगरणीचा. एकेक दोरा तोडत ती खालून वर चालली होती.

जाहिरात लागली तेव्हा आश्रुबानं मागं वळून पाहिलं.

“आता हे कावून उसवायलीस? तुला कुटं जायचंय?”

“माझ्या मापाचा करायलेय,” मंगल म्हणाली.

मालिका पुन्हा सुरू झाली. मंगलनं दोन्ही बाजूंची शिवण काढून टाकली, दोरे वेचले, कापड मांडीवर पसरून हातानं दाबून सरळ केलं. मग दिव्यापाशी नेऊन पाहिलं. शिवण निघाली होती, पण सुईच्या भोकांची ओळ काखेपासून खालपर्यंत तशीच राहिली होती.