निळ्या टिंबाची काचपट्टी

मी दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या एका रुग्णालयातली काचपट्टी बोलतेय. बोटाएवढी आहे. माझ्यावर कुक मी-सुकच्या गळ्यातली गाठ आहे, कागदाहून पातळ कापून गुलाबी-जांभळी रंगवलेली. ऐका हो माझं, वेळ नाहीये!

तिची अर्धी थायरॉइड ग्रंथी काढली, तेव्हा माझा जन्म झाला. गाठ आपल्या वेष्टणात गपगुमान बसलेली, बाहेर कुठेच पसरलेली नाही. पेशींची केंद्रकं तेवढी फिकट. एवढ्यावरून कर्करोग म्हणायचं की नाही, यावर काचपट्ट्या तपासणाऱ्या भल्याभल्या डॉक्टरांचं एकमत होत नाही. आमच्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी, मा सरांनी मात्र दोन मिनिटांत ठरवलं. सगळ्यात फिकट जागेवर शाईचं निळं टिंब दिलं आणि लिहिलं, 'कर्करोग'.

म्हणजे उरलेली अर्धी ग्रंथीही काढायची, मग किरणोत्सारी गोळी. मी-सुकचं बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितं. त्याचं दूध तोडायचं, वर कितीतरी दिवस जवळही घ्यायचं नाही.

ती दुसरं मत घ्यायला निघाली. आमच्याकडे रुग्णच काचपट्ट्या मागून घेतात नि स्वतः नेतात. सोलच्या गाडीत तिने मला ठेवलेली पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

सोलच्या ब्योन डॉक्टरीणबाई मा सरांच्याच हाताखाली शिकलेल्या. सरांचं निळं टिंब ओळखताच त्या सावरून बसल्या. तरी सूक्ष्मदर्शकातून वेष्टणाच्या कडेकडेने सगळीकडे फिरल्या, आणि हळूच पुटपुटल्या, "हा कर्करोग नाही वाटत." माझा जीव भांड्यात पडला! मग त्यांनी फोन लावला.

"सर, त्या गाठीबद्दल मला जरा शंका..."

"टिंबाखाली बघितलंस?"

"हो सर."

"मग? चष्मा बदल, चष्मा!" सर हसले.

"हो सर. बरोबर आहे सर." फोनवरच त्या कमरेत वाकल्या आणि त्यांनी अहवालात लिहिलं, 'सहमत'.

अहो बाई, स्पिरिटच्या बोळ्याने टिंब पुसून बघायचं होतंत! मी कर्करोग आहे की नाही, मलाही ठाऊक नाही. पण तुम्हाला दिसलं ते तरी लिहायचं होतंत!

परतताना मी-सुक बहिणीशी फोनवर बोलत होती. "ताई, दोघांचंही एकच मत पडलं गं. तिसऱ्या मतासाठी बुसानच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती ना, ती रद्द केली. दोन मोठी माणसं खोटं कशाला सांगतील? गुरुवारी ऑपरेशन. आजपासून बाळाला बाटली लावते."

नको गं, मी-सुक! त्यांचं एकमत झालंच नव्हतं. मी बघितलंय. कुणीतरी सांगा हो तिला, बाटली लावायच्या आत!