एक मिलिमीटर मोठा

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी बिल्ला दुसऱ्यांदा टेबलावर ठेवला. चार महिन्यांपूर्वी तो नकली ठरला होता.

ठरवणारा समोरच बसला होता. पेशाने घड्याळजी, आणि बावीस वर्षं माजी नौसैनिकांच्या संघटनेचा तपासनीस. आवारातल्या भिंतीवर पाणबुडीवर काम केलेल्यांची नावं कोरायची होती. कागद नसेल तर नौदलाने दिलेला पाणबुडीचा बिल्ला चालेल, असा नियम होता. बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे कागद पुरात गेले होते, उरला होता हा बिल्ला. यादी एक वाजता पाथरवटाकडे जाणार होती.

"लांबी जुळत नाही, बाई. मागेही सांगितलं," तपासनीस म्हणाला. "खरा त्रेसष्ट मिलिमीटर. तुमचा चौसष्ट."

"खरा म्हणजे कुठला?"

त्याने खणातून नमुन्याचा बिल्ला काढला. पितळी पाणबुडी, दोन्ही बाजूंना डॉल्फिन. याच्याशी ताडून त्याने आजवर एकतीस बिल्ले बाद केले होते.

बाईंनी दोन्ही शेजारी ठेवले. "तीस वर्षं कपडे शिवतेय मी, साहेब. कापड धुतलं की आटतं. धुऊन वाढलेलं अजून पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"ओतकाम करणाऱ्याला विचारून आलेय. खऱ्यावरून साचा घेतला, त्यात पितळ ओतलं, की थंड होताना ते आटतं. नक्कल असलापेक्षा लहान निघेल. मोठी कशी निघेल?"

हे त्याला ठाऊक होतं. नव्या तपासनिसांना तो हेच शिकवायचा. फक्त नमुन्याला भिंग लावायचं कधी त्याच्या मनात आलं नव्हतं.

आता त्याने ते लावलं. खरा बिल्ला ठशाखाली दाबून काढतात, त्याची पाठ गुळगुळीत असते. नमुन्याच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती आणि कडेला कानस फिरवल्याच्या रेघा. बाईंच्या बिल्ल्याची पाठ स्वच्छ होती.

"हा दिला कुणी तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या थोरल्या भावाने, दादांनी. त्यांचाच आहे."

"बाहेर बसलेत ते? अध्यक्ष?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे घोडं तिथे पेंड खातंय."

खोलीला एकच दार होतं आणि ते दादांच्या कचेरीत उघडत होतं. खिडकीला लोखंडी कपाट लावलेलं होतं. पंखा बंद होता, कारण वाऱ्याने ताजव्याचा काटा हलतो.

दार वाजलं. "काय रे, बिल्ला तपासतोयस की अंडी उबवतोयस? पाथरवटाचा माणूस यादीसाठी थांबलाय."

"पाच मिनिटं दे, दादा."

"तुझी पाच मिनिटं म्हणजे बंद घड्याळ!"

कचेरीत कुणीतरी हसलं. यादीत पहिलं नाव दादांचंच होतं. मूळ बिल्ला हरवला म्हणून त्यांनी नक्कल करून घेतली असेल, असं तपासनिसाने स्वतःला सांगितलं. किंवा मूळ बिल्ला कधी नव्हताच. बाईंचा खरा म्हणून लिहायचं, तर आजवरचं माप चुकलं हेही लिहावं लागणार. मग नमुना कुणाचा, हे कुणीही विचारणार.

"ह्यांचं नाव लागेल ना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाचं काय करायचं ते तुम्ही बघा. मला त्यात पडायचं नाही."

"दोन्ही एकाच कागदावर आहेत, बाई."

बारा पस्तीसला तो दाराजवळ गेला. कडी न काढता त्याने विचारलं, "दादा, बिल्ला मिळाला तेव्हा छातीवर कुणी लावला होता तुझ्या?"

बाहेर खुर्ची करकरली.

"तू आधी बाहेर ये," दादा हळू आवाजात म्हणाले.

तो परत येऊन बसला. बाईंनी आपला बिल्ला उचलला नाही. त्यांनी फक्त अर्ज त्याच्या बाजूला सरकवला.

बारा बावन्नला अर्जावर बिल्ल्याची लांबी भरलेली होती: चौसष्ट. त्याखाली 'खरा' आणि 'नकली' असे दोन चौकोन होते. दोन्ही कोरे होते, आणि दाराची कडी आतून लागलेली होती.