पस्ताना

“समुद्र ओलांडला की माणसाला पृथ्वी तळहाताएवढी वाटू लागते,” नृसिंहशास्त्री जोशी म्हणाले. त्यांनी स्वतः आयुष्यात मुळा नदी तेवढी ओलांडली होती, तीही वैशाखात, चपला न काढता.

ज्याला ते हे सांगत होते तो त्यांचा मुलगा शामकांत नगरला लागून असलेल्या भिंगारमध्ये मालनबाईच्या माडीवर, पत्र्याखाली, घामाघूम होऊन बसला होता. त्यांच्या सोनई गावाच्या समजुतीप्रमाणे तो या घटकेला विलायतेत होता.

त्याचं असं झालं. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. शामकांत बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आला, विलायतेतल्या एका विद्यापीठाने त्याला रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली, आणि सोनईने त्याला निरोप दिला. वेशीत कमान उभारली. आईने, म्हणजे अंबिकाकाकूंनी, त्याला ओवाळून हातावर दही घातलं. मुहूर्त शास्त्रीबोवांनीच काढला होता आणि त्यांच्याच भाषणामुळे तो टळायची वेळ आली होती. मग बापलेक मुंबईला गेले. बोटीच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं की आधी गोरे सोल्जर घरी जाणार, मग जागा उरली तर तुम्ही. काही महिन्यांनी चौकशी करा.

दोघे परत नगरला उतरले. सोनईकडे जाणारी मोटार समोरच उभी होती. शास्त्रीबोवा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“अण्णा, चला ना.”

“कुठे?”

“घरी.”

“प्रस्थान झालंय तुझं. गाडी चुकली म्हणून परत यायला तू काय नेवाशाला निघाला होतास?”

आता शास्त्रीबोवांकडे प्रत्येक अडचणीवर शास्त्र असे. मुहूर्त साधायचा आहे पण निघता येत नाही, अशा वेळी प्रवाशाची एखादी वस्तू, सुपारी म्हणा, पंचा म्हणा, वेशीबाहेर कुणाच्या घरी नेऊन ठेवतात. माणूस निघाला असं मानतात. याला पस्ताना म्हणतात. एकदा ठेवलेला पस्ताना परत घरात आणला, तर तो प्रवास कायमचा खुंटतो. शास्त्रीबोवांनी सुपारीच्या जागी मुलगा ठेवला.

ठेवला तो मालनबाईकडे. नगरात ब्राह्मणाच्या घरी ठेवला असता, तर बातमी त्यांच्या आधी सोनईत पोचली असती. मालनबाई कॅम्पातल्या एका मडमेकडे आया होती. भाडेकरू दिवसभर खोलीत बसतो, संध्याकाळी साहेबी टोपी कपाळावर ओढून बाहेर पडतो आणि बाजाराच्या दिवशी दाराला कडी घालतो, याचं तिला काही वाटलं नाही. शिकलेल्या माणसाबद्दल तिची मुळात फार अपेक्षा नव्हती.

असा शामकांत परदेशात रुळू लागला. स्टोव्हवर भात करून खायला शिकला. एकटं जेवायला शिकला. शेजारी राहणाऱ्यांशी हवेपलीकडे काही बोलायचं नाही, हे शिकला. घराची आठवण आली की पुस्तक उघडायचं आणि त्याच पानावर तास काढायचा, हेही जमू लागलं. दर महिन्याला तो अण्णांच्या आणि आईच्या नावे पत्र लिही आणि शास्त्रीबोवा ते विलायतेहून आलं म्हणून चावडीपाशी मोठ्याने वाचत. मजकूर मालनबाई पुरवी.

“चहात दूद आदी घालत्यात म्हनून लिवा. आन् कुत्र्याला खाटंवर घेत्यात.”

“हे आईला नाही लिहिता येणार.”

“मंग खाटंखाली लिवा.”

आई लाडू नि मेतकूट बांधून देई, ते शास्त्रीबोवा नगरच्या मोठ्या टपालात घालतो म्हणून घेऊन येत. विलायतेत त्या दिवसांत लाडू दुसऱ्या दिवशी पोचत असत.

आजही ते लाडूच घेऊन आले होते, आणि समुद्राबद्दल बोलून झाल्यावर उठले.

“अण्णा, निदान आईला तरी सांगा. मी दिवाळीला गुपचूप येऊन जातो.”

“विलायतेत दिवाळीची सुट्टी नसते. आणि आईला सांगितलं तर तिला आनंद होईल. तिचा आनंद चार घरांत ऐकू जातो.” मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, “इंदूचं जमत आलंय, शाम. पुण्याची मंडळी आहेत. मुलीचा भाऊ विलायतेत, एवढ्यावर जमतंय. दुसरं काय आहे आपल्याकडे?”

इंदू म्हणजे शामकांतची धाकटी बहीण. तिच्यासाठी आलेली दोन स्थळं आधीच परत गेली होती. शामकांतने लाडवाचा डबा घेतला.

दिवाळी गेली. मुंबईच्या कारकुनाने आणखी एकदा मान वर न करता तेच सांगितलं. पौषातल्या एका संध्याकाळी शामकांत कॅम्पाच्या रस्त्याने चालला असताना समोरून खुराडं डोक्यावर घेतलेला एक माणूस आला. सोनईचा मच्छिंद्र, तो गोऱ्या पलटणीला कोंबड्या पुरवायचा.

“शामराव,” मच्छिंद्र म्हणाला. “तुमी इलायतेला गेल्ते न्हवं?”

शामकांतने टोपी आणखी खाली ओढली. “नो,” तो म्हणाला.

मच्छिंद्रने खुराडं खाली ठेवलं आणि त्याला सावकाश पाहून घेतलं.

“माफी करा, सायेब. आमच्या गावच्या जोश्याचं पोरगं हुबेहूब तुमच्यावानी हाय. त्ये जरा बरं दिसतं, येवडाच फरक.” कोंबड्या कलकलल्या. “त्याच्या आईचं लई वाईट झालंय. अंथरुनाला खिळलीय. कालपासून कुनाला वळखीना. नुस्तं पोराचं नाव घेती.”

अण्णा मागच्या खेपेला ‘जरा ताप आहे’ एवढंच म्हणाले होते. ‘नो’ म्हणून बसलेल्या माणसाला आता मराठीत विचारता येईना. “कबसे?” शामकांतने साहेबासारखं विचारलं.

“दिवाळीपास्नं, सायेब.” मच्छिंद्रने खुराडं उचललं. “त्या पोराला यायचं आसंल तर त्यानं उद्याच निगावं. घोडेगावपात्तुर मोटार जाती. पुढं माजी गाडी हाय. आन् मी काय कुनाला वळखत न्हाई. आता तुमालाबी न्हाईच वळखलं.”

दुसऱ्या दिवशी शामकांतने घोडेगावचं तिकीट काढलं आणि मोटारीत अगदी मागे जाऊन बसला. मोटार भरली. पुढच्या बाकावर सोनईचे दोघे येऊन बसले.

“जोशीबोवाच्या पोरीचं पक्कं झालं म्हन. माघात बार उडनार.”

“भाऊ इलायतेला हाय म्हनून झालं. न्हाई तर काय हाय त्या घरात?”

“आमचं म्हातारं तर पैज मारतंय, त्यो गेलाच न्हाई म्हनून.”

“तुमच्या म्हाताऱ्याला दिसत न्हाई, आन् पैजा मारतंय.”

दोघे हसले. ड्रायव्हरने हॅन्डल मारला. शामकांत मागच्या दाराने खाली उतरला, धुरळा खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहिला आणि चालत माडीवर आला.

पुढे काही दिवस कुणी आलं नाही. मग एका दुपारी जिन्यावर ओळखीचा खोकला ऐकू आला. शास्त्रीबोवा दारात उभे होते. डोकं नुकतंच केलेलं होतं. शेंडीभोवतीचा घेरा नव्हता, आणि मिशी नव्हती. चाळीस वर्षांची मिशी. तिच्या जागी ते पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते.

शामकांत उठला नाही.

“दहावं उरकून आलो,” ते म्हणाले. “मुलगा लांब, म्हणून अग्नी मीच दिला. मंडळी म्हणाली, शास्त्रात सोय आहे. आहेच.”

मालनबाई पाण्याचा तांब्या ठेवून खाली गेली.

“तू स्नान कर. परदेशस्थाला तेवढं पुरतं. डोकं करू नकोस, पासपोर्टावरचा चेहरा पालटेल.”

“काही बोलली?”

“शेवटच्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली होती. तिथे आत्ता दिवस आहे का रात्र, म्हणाली. मी हिशेब करून सांगितलं, पहाट असेल. म्हणाली, मग निजू दे त्याला.”

खाली रस्त्यावरून पलटण बँड वाजवत गेली. ती पार लांब गेली. मग शास्त्रीबोवांनी पिशवीतून कोरे कागद काढून खाटेवर ठेवले.

“तेराव्याला पुण्याची मंडळी येणार आहेत. तुझं पत्र वाचावं लागेल. तार पोचली, विमानाच्या टपालाने लिहितो आहे, असं घाल. दोन पानं पुरेत.”

शामकांतने दौत जवळ ओढली. ‘तीर्थरूप अण्णांस’ एवढं लिहिलं आणि पुढे आईचं नाव घालायची सवय असल्यामुळे टाक तसाच थांबला. शास्त्रीबोवा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांचा हात मिशीच्या जागेकडे गेला.

“अक्षर जरा कापरं काढ,” ते म्हणाले. “तिकडे या दिवसांत फार थंडी असते.”